२ की ४ घनमीटर? गोठ्यावरच्या गोबरगॅसचं माप, बांधकाम आणि बिघाड

गव्हाणवाला (धागाकर्ता)

परभणी जिल्हा, काळी भारी जमीन. गोठ्यात २ म्हशी, २ गावरान गायी, १ बैलजोडी, २ वासरं. घरात ६ माणसं, स्वयंपाक दोन वेळचा, सकाळी अंघोळीचं पाणी. गवंडी म्हणतो जनावरं आठ आहेत, ४ घनमीटरचा बांधा, उरलेल्या गॅसवर मोटर चालेल. शिवाय दर वर्षी पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडं) आणि सोयाबीनचं भूस पडून असतं, तेही आत टाकता येईल म्हणतो. त्याचं बरोबर आहे का? कोणतं मॉडेल घ्यावं? जाणकारांनी आकड्यांनिशी सांगावं.

शेणकाला

गवंड्याने डोकी मोजली, शेण मोजलं नाही. संयंत्राचं माप ठरतं ते रोज हाताशी येणाऱ्या ताज्या शेणावर.

दावणीला बांधलेली म्हैस दिवसाला साधारण १५ किलो शेण देते, गावरान गाय किंवा बैल १० किलो. म्हशींचे ३०, गायींचे २०. बैलजोडी दिवसभर शेतात असेल तर तिचं निम्मंच शेण गोठ्यात पडतं, म्हणजे १०. झाले ६०. त्यातून सारवण, गोवऱ्या आणि मातीत तुडवलं जाणारं वजा करा. उरतात ५० किलो. वासरं हिशेबात धरू नका.

१ किलो ताज्या शेणातून सरासरी ४० लिटर गॅस मिळतो, म्हणजे २५ किलोला १ घनमीटर. तुमचं माप २ घनमीटर, त्यापुढे नाही.

आता गरज बघा. माणशी स्वयंपाकाला दिवसाला ०.२५ ते ०.३ घनमीटर धरतात. सहा माणसांना १.५ ते १.८. उरलेल्यात थोडं पाणी तापेल. १ घनमीटर गोबरगॅस म्हणजे उष्णतेच्या हिशेबात ०.४३ ते ०.४५ किलो एलपीजी. रोजचे २ घनमीटर पूर्ण वापरले तर १४.२ किलोची एक टाकी साधारण सोळा दिवसांनी वाचते.

गव्हाणवाला

पण ४ चा बांधून ५० किलोच टाकलं तर नुकसान काय? पुढे जनावरं वाढली तर कामाला येईल.

शेणकाला

गॅस २ घनमीटरच्याच आसपास मिळणार. शेण आत ४० ऐवजी ८० दिवस राहील, त्यामुळे जरासा जास्त निघेल, बस्स. खड्डा, विटा, सिमेंट मात्र ४ चं. शिवाय काला (शेण-पाण्याचं मिश्रण) आत संथ पडून राहतो, हालचाल कमी, वर साय जाड धरते. गावोगावी बंद पडलेल्या टाक्यांत मापापेक्षा मोठ्या बांधलेल्या टाक्या भरपूर सापडतील. आणखी दोन दुभती जनावरं खरोखर येणार असतील तर ३ चा विचार करा.

नळजोडणी

मोटरचं स्वप्न आत्ताच सोडा. डिझेल इंजिन गोबरगॅसवर चालवायचं तर दर अश्वशक्तीला तासाला ०.४२ ते ०.४५ घनमीटर गॅस लागतो. ५ अश्वशक्तीचं इंजिन म्हणजे तासाला सव्वादोन घनमीटर. तुमचा दिवसभराचा गॅस तासभरही पुरणार नाही, आणि चूल थंड. तेही डिझेलशिवाय नाही. दुहेरी इंधनावर डिझेल जास्तीत जास्त ८० टक्के वाचतं, उरलेलं पेटवणीसाठी लागतंच. जनित्र लावलं तरी १ घनमीटरला दीड ते दोन युनिट वीज, त्यापलीकडे नाही. मोठ्या गोठ्याशिवाय हा हिशेब बसत नाही.

काळी_कसदार

मॉडेलबद्दल. तीन पर्याय तुमच्यासमोर येतील.

तरंगत्या टोपीचं, म्हणजे खादी आयोगाचं. मूळ आराखडा जशभाई पटेलांचा, १९५१ सालचा. लोखंडी टोपी काल्यावर तरंगते आणि गॅसचा दाब कायम एकसारखा, पाण्याच्या १० सेंटिमीटरच्या आसपास. शेगडी छान चालते, गॅस किती आहे ते डोळ्यांना दिसतं. पण टोपी गंजते. दर वर्षी खरवडून रंग दिला नाही तर काही वर्षांत भोकं. फायबरची टोपी गंजत नाही, महाग पडते.

दीनबंधू. अफ्प्रो या संस्थेने १९८४ मध्ये आणलं. त्याआधी १९७८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या अजीतमल केंद्राने जनता मॉडेल काढलं होतं, त्यात उभी गोल भिंत आणि वर घुमट, आणि तडे नेमके त्या सांध्यात जायचे. दीनबंधूत तळ वाटीसारखा आणि वर अर्धगोल घुमट, मधली उभी भिंतच काढून टाकली. वीट-सिमेंट कमी लागतं, गंजणारा भाग नाही. तोटा असा की दाब ० ते ९० सेंटिमीटर असा वरखाली होतो, आणि गवंड्याचा हात कच्चा असेल तर घुमट गॅस धरत नाही.

तिसरी पीव्हीसीची पिशवी. दोन दिवसांत बसते. उंदीर, काटे, कोंबड्यांच्या चोची आणि ऊन हे तिचे वैरी. सावली आणि कुंपण नसेल तर घेऊ नका.

तुम्हाला दीनबंधू बरं. फक्त काळ्या जमिनीचं आधी बघा.

गव्हाणवाला

काळ्या जमिनीचं काय करायचं? इथे उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात.

काळी_कसदार

तेच तर. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि पक्क्या बांधकामाला कुशीतून ढकलते. खड्डा घुमटाच्या बाहेरच्या मापापेक्षा चौफेर किमान एक फूट मोठा घ्या. बाहेरची भर काळ्या मातीची नको, मुरूम किंवा जाड वाळू, सहा-सहा इंचांचे थर, पाणी मारून धुमसाने ठोकत. तळाखालीही मुरूम दाबून मग काँक्रीट. भर एका बाजूने पूर्ण करून दुसऱ्या बाजूला जायचं नाही, चारी बाजूंनी सारखी चढवायची. एकांगी दाबाने ओला घुमट सरकतो.

जागा ऊन येणारी, गोठ्यालगत, विहिरीपासून किमान १५ मीटर लांब. जवळ वड, पिंपळ, उंबर नको, मुळं सांध्यात शिरतात.

जांभा

कोकणातल्या वाचकांसाठी पुरवणी. आमच्याकडे प्रश्न उलटा. जुलैत पाणी जमिनीच्या वर येतं आणि रिकामी टाकी अक्षरशः उचलली जाते. बांधकाम शिमग्याआधी सुरू करून मे अखेर शेणाने भरून टाका. पावसाळ्यात टाकी कधीही रिकामी करू नका. जांभ्याचा चिरा सच्छिद्र असतो, घुमटाला तो वापरू नका, भाजलेली पक्की वीटच आणा.

काळी_कसदार

बांधकामाचे मोजके मुद्दे देतो, कारण दीनबंधू फसतो तो इथेच.

२ घनमीटर आणि ४० दिवसांचं माप धरलं तर आतला व्यास साधारण अडीच मीटर येतो. नेमका नकाशा आयएस ९४७८ या भारतीय मानकाप्रमाणे घ्या, गवंड्याच्या आठवणीतला नको. सामान: सुमारे १००० पक्क्या विटा, १४ ते १६ पोती सिमेंट, वाळू, अर्धा इंची खडी, निकास टाकीच्या (जिथून पिकलेला काला बाहेर येतो) झाकणांसाठी ६ मिलिमीटरची सळई, आत शेण जायला ६ इंची पाइप.

वीट वाजवून घ्या. खणखणीत वाजली पाहिजे. आदल्या दिवशी पाण्यात बुडवून ठेवा, कोरडी वीट मसाल्यातलं पाणी ओढून घेते आणि सांधा भुसभुशीत राहतो. घुमटाची प्रत्येक वीट मध्यबिंदूच्या खुंटीला बांधलेल्या दोरीने मापून बसवायची. दोरी न वापरता ‘नजरेने’ बांधलेला घुमट कुठेतरी चपटा होतो आणि तडा नेमका तिथे जातो.

आतून गिलावा तीन हात: सिमेंटचं पातळ पाणी, त्यावर १:३ चा गिलावा, मग निव्वळ सिमेंटची घोटाई. पूर्ण वाळल्यावर काळा इनॅमल किंवा इपॉक्सी रंग दोन हात. घुमटाच्या वरच्या भागातला हा रंग गॅस अडवतो. तिथे कंजूषी केली की पुढची दहा वर्षं गॅस मातीत झिरपत राहतो आणि दोष शेणाला दिला जातो.

किमान दहा दिवस पाणी मारा. परभणीच्या एप्रिलात दोन आठवडे.

निकास टाकीच्या सांडव्याची कड मनाने उंच करू नका. गॅस संपल्यावर काला वर चढतो आणि घुमटाच्या नळीत घुसतो. मग नळी काढून साफ करण्याशिवाय इलाज नाही. निकास टाकीवर फरशीची झाकणं हवीतच, पोरं आणि वासरं दोन्ही त्यात पडतात.

नळजोडणी

भरण्याआधी चाचणी. आधी पाणी भरून एक दिवस पातळी बघा. वीट-गिलावा सुरुवातीला थोडं पाणी पितो, ते सोडून पातळी उतरत राहिली तर गळती आहे. मग गॅसची नळी बंद करून पाण्याच्या दाबाने आत हवा कोंडा आणि यू-नळी लावा. साधी पारदर्शक नळी, यू आकारात फळीवर ठोकलेली, अर्धी रंगीत पाण्याने भरलेली, शेजारी सेंटिमीटरची पट्टी. रात्रभरात दाब दोन-चार सेंटिमीटरपेक्षा जास्त उतरला तर घुमटाच्या नळीचा सांधा आणि व्हॉल्व्ह साबणाच्या फेसाने तपासा. ही यू-नळी पुढे काढू नका, स्वयंपाकघरात कायमची राहू द्या. घरात गॅस किती आहे हे सांगणारी तीच.

गव्हाणवाला

पहिल्यांदा भरताना शेण किती?

शेणकाला

टाकीत साधारण ४ घनमीटर काला बसतो. शेण आणि पाणी निम्मं-निम्मं, म्हणजे जवळजवळ दोन टन शेण एकदम लागतं. बांधकाम चालू असतानाच साठवायला घ्या, सावलीत, वरून ओलं पोतं. उन्हात वाळलेल्या शेणात दम राहत नाही. शेजाऱ्यांकडूनही आणा. चालू टाकीतली स्लरी (गॅस देऊन बाहेर पडलेला काला) मिळाली तर एकूण काल्याच्या दहा टक्के विरजण म्हणून टाका, आठवडाभर लवकर सुरू होतं.

काला ताकापेक्षा दाट, पिठल्यापेक्षा पातळ. ताज्या शेणात घन भाग १८ ते २० टक्के असतो, पाणी मिसळल्यावर ८ ते १० टक्के व्हायला हवा. पाणी जास्त झालं तर शेण खाली बसतं आणि न पिकताच बाहेर पडतं. कमी झालं तर वर साय धरते.

भरून झालं की रोज टाकू नका. गॅस पेटायला लागेपर्यंत थांबा. उन्हाळ्यात दोन-अडीच आठवडे, थंडीत महिनाही लागेल. सुरुवातीचा गॅस बहुतेक कार्बन डायऑक्साइड असतो, पेटत नाही, घाबरू नका, तो सोडून द्या. आत हवाही कोंडलेली असते, म्हणून सुरुवातीचे भरलेले घुमट दोन-तीनदा मोकळे करायचे.

पेटतो का हे घुमटाच्या नळीवर काडी ओढून कधीही बघायचं नाही. हवेत ६ ते १२ टक्के गोबरगॅस मिसळला की ते मिश्रण स्फोटक असतं आणि ज्वाला नळीतून आत जाते. तपासणी फक्त शेगडीवर, संयंत्रापासून लांब.

पऱ्हाटीवाला

पऱ्हाटीच्या प्रश्नाला कुणी हात लावलेला नाही म्हणून लिहितो. पऱ्हाटी, तुऱ्हाट्या, उसाचं पाचट हे गोबरगॅसच्या पोटात पचत नाहीत. त्यांच्यात लिग्निन असतं, त्याला आतले जीवाणू दाद देत नाहीत. वर तरंगतात, साय धरतात, पाइप तुंबतो. सोयाबीनचं भूसही तेच करतं. गव्हाणीतला उरलेला चघळा शेणात येतो तेवढा सुद्धा गाळून काढावा.

लाकडासारखा कचरा जाळण्याच्या वाटेने जातो. पऱ्हाटीची उष्णता किलोला ४००० किलोकॅलरीच्या आसपास आहे, आपल्याकडच्या बऱ्याच कोळशाच्या तोडीची. तिचा भुगा दाबून जळणाच्या कांड्या करतात. पऱ्हाटी शेतातच वाळवायची, कुट्टी करायची, मग दळून ६ ते ८ मिलिमीटर भुगा. ओल ८ ते १० टक्के हवी. १२ च्या वर गेली की दाबताना वाफ होते आणि कांडी तोंडातून फुटून बाहेर येते. अगदी कोरडी असली तर भुगा धरत नाही. डिंक, मळी काही घालावं लागत नाही, दाबाच्या उष्णतेने तेच लिग्निन मऊ होऊन भुगा बांधतं. जे टाकीत नडतं ते इथे कामाला येतं. चिमट्याने उपटलेल्या पऱ्हाटीच्या मुळांची माती झटका, नाहीतर साचा झिजतो आणि राख वाढते.

एकट्या शेतकऱ्याने हे यंत्र घेऊ नये. पऱ्हाटी हलकी आणि फुगीर, ट्रॉलीभर नेली तरी वजन किरकोळ. पाच-सात कोसांपलीकडे वाहतूकच पैसे खाते. गटाने कुट्टी यंत्र फिरवायचं आणि भुगा-तुकडे कारखान्याला द्यायचे हे जमतं. माटुंग्याच्या सिरकॉट या कापूस संशोधन संस्थेने आणि त्यांच्या नागपूरच्या केंद्राने यावर बरंच काम केलं आहे, तिथे चौकशी करा.

आणि पऱ्हाटीचे ढीग बांधावर पावसाळ्यापर्यंत ठेवू नका. अर्धवट उमललेल्या बोंडांत गुलाबी बोंडअळी सुप्तावस्थेत बसते आणि पुढच्या कपाशीवर येते. कुट्टीचा हा फायदा इंधनापेक्षा मोठा मानतो मी.

उसाचा_दांडा

पाचटाबद्दल: पुण्याच्या आरती संस्थेने पाचटाचा कोळसा करून त्याच्या कांड्या करण्याची पद्धत बसवली, २००२ मध्ये त्याला अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. बंद डब्यात पाचट भरून बाहेरून तापवायचं, निघणारा वायू त्याच भट्टीत जाळायचा, मागे राहतो तो कोळसा खळीत मिसळून कांड्या पाडायच्या. पण माझं मत विचाराल तर खोडव्यात पाचट सरीत कुजवणं हेच जास्त शहाणपणाचं. ज्याला ते रानात ठेवणं शक्य नाही त्याने कोळसा करावा, पेटवू नये एवढंच.

पऱ्हाटीवाला

सहमत. कोरडवाहू जमिनीतला सगळाच कचरा उचलून नेला तर सेंद्रिय कर्बाचं काय हा प्रश्न पऱ्हाटीलाही आहेच.

कारखानदारी

साखर कारखाने प्रेसमडपासून (उसाचा रस गाळून उरणारा गाळ) गॅस करून विकतात, तेच घरच्या टाकीतून करता येईल का असं कुणी विचारण्याआधी: २५ टन प्रेसमडला साधारण १ टन सीबीजी, म्हणजे शुद्ध करून दाबाने भरलेला गोबरगॅस. शेणाला ५० टन लागतात. केंद्राची ‘सतत’ नावाची योजना २०१८ ची, त्यात विकायचा गॅस आयएस १६०८७ प्रमाणे किमान ९० टक्के मिथेनचा (गोबरगॅसमधला पेटणारा वायू) हवा. म्हणजे कार्बन डायऑक्साइड, गंधक, ओल सगळं काढून दोनशेहून अधिक बार दाबाने भरायचं. हा गोठ्याचा खेळ नाही.

शिकाऊ_शेतकरी

उरलेला गॅस एलपीजीच्या जुन्या टाकीत कंप्रेसरने भरता येतो असा व्हिडिओ पाहिला. खरं आहे का?

नळजोडणी

नाही. आणि कृपा करून करू नका. प्रोपेन-ब्युटेन साध्या तापमानात दाबाने द्रवरूप होतात, मिथेन होत नाही, त्याला उणे ८२ अंशांच्या खाली न्यावं लागतं. तुम्ही टाकीत फक्त दाबलेला वायू भरता, तोही नगण्य. टाकी त्या दाबासाठी बनवलेली नसते, ओला गंधकयुक्त गॅस आतून पोलाद खातो आणि फ्रिजचा कंप्रेसर हवा ओढून स्फोटक मिश्रण करतो. गॅस उरत असेल तर कमी दाबाची फुग्याची पिशवी लावा, किंवा पाणी तापवा.

शेणकाला

यावरून आठवलं, दीनबंधूची साठवण दिवसाच्या गॅसच्या फक्त ३३ टक्के असते. २ घनमीटरला सुमारे ६६० लिटर. तासाला ४५० लिटर जाळणारी शेगडी त्यावर दीड तास चालते. म्हणून गॅस दोन-तीन वेळा विभागून वापरायचा. सगळं एकदम सकाळीच शिजवून दिवसभर शेगडी बंद ठेवली तर घुमट भरल्यावर जादा गॅस काल्यातून बुडबुडे काढत निघून जातो. तो वाया तर जातोच, मिथेन असल्यामुळे हवेलाही वाईट.

गव्हाणवाला

खरकटं, सडकी फळं चालतील का? शेजारी केळीची बाग आहे.

शेणकाला

चालतील, पण जपून. पिठूळ आणि गोड पदार्थ शेणापेक्षा कितीतरी पटीने गॅस देतात, कारण शेण म्हणजे जनावराने आधीच पचवून उरलेला भाग. आरती संस्थेची घरगुती टाकी याच तत्त्वावर आहे, तिला २००६ मध्ये दुसरा अ‍ॅशडेन मिळाला. पण हे खाद्य झपाट्याने आंबतं. एकदम पाटीभर केळी ओतली तर आम्ल तयार करणारे जीवाणू पुढे पळतात, मिथेनवाले मागे पडतात. सामू (पीएच) ६.८ ते ७.५ मध्ये हवा, ६.५ च्या खाली गेला की गॅस येतो पण पेटत नाही, स्लरीला आंबूस वास. मग खाद्य पूर्ण बंद, चार-सहा दिवस वाट बघा, नंतर फक्त शेणाचा पातळ काला थोडा थोडा. चुन्याची निवळी घालता येते, थोडीच, आणि सामूची पट्टी लावून. तुमच्या टाकीला रोज दोन किलो कुस्करलेलं खाद्य पुरे. लिंबू-संत्र्याच्या साली, कांद्याचा पाला, तेल नको.

कोंबडीची विष्ठाही बेतानेच. तिच्यात नत्र फार, अमोनिया वाढून जीवाणू गुदमरतात. गोमूत्राचंही तेच, गोठा धुतलेलं सगळं पाणी आत सोडू नका. फिनेल, डिटर्जंट, गोचिडाचं औषध मारल्यानंतरची धुवण आणि प्रतिजैविकं चालू असलेल्या जनावराचं शेण वेगळं काढा.

जांभा

शौचालय जोडता येतं, ते राहिलं. देहूचे डॉ. मापुसकर यांनी यावर आयुष्यभर काम केलं, २०१७ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माणशी दिवसाला २५ ते ३० लिटर गॅस, म्हणजे सहा माणसांचा चहा-दूध. पाइप स्वतंत्र, सरळ टाकीत जाणारा. पाणी मोजून आणि भांडं साफ करायला ॲसिड बंद. स्लरी कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाजीला घालायची नाही, आधी खड्ड्यात कुजवायची. अनुदानात शौचालय जोडणीला वेगळी रक्कम असते. पंचायत समितीच्या कृषी विभागात विचारा. आधी अर्ज आणि मंजुरी, मग खड्डा.

चूलबंद

शेगडीबद्दल कुणी लिहीत नाही आणि घरातली बाई मात्र तिथेच वैतागते. एलपीजीची शेगडी तशीच जोडून चालत नाही. एलपीजीला दाब जास्त आणि जेटचं भोक अगदी बारीक, एक मिलिमीटरही नाही. गोबरगॅसला दोन मिलिमीटरच्या पुढचं भोक लागतं आणि हवा कमी, एका भागाला साडेपाच-सहा भाग. आयएस ८७४९ चा शिक्का असलेली गोबरगॅसची शेगडीच घ्या.

ज्योत पिवळी, लांब, भांडं काळं होतंय: हवेची चकती उघडा. ज्योत बर्नरवरून उचलली जाते, फुरफुरते: दाब जास्त आहे, कॉक थोडा बंद करा आणि हवा कमी करा. सकाळी घुमट भरलेला असताना हे होतंच. ज्योत फट् करून मागे जाते: दाब संपत आलाय. ज्योत लवलवते, मधेच विझते: नळीत पाणी.

नळजोडणी

नळीतलं पाणी हा सर्वांत साधा आणि सर्वांत जास्त सापडणारा बिघाड. गॅस टाकीतून उबदार आणि ओला निघतो, नळीत थंड होतो, पाणी सुटतं. नळीला मीटरला एक सेंटिमीटर उतार द्या आणि उताराच्या शेवटी, सगळ्यांत खालच्या जागी पाण्याचा सापळा बसवा, कॉक लावून. पावसाळ्यात आणि थंडीत आठवड्यातून एकदा उघडायचा. मधे नळी झोळीसारखी लोंबली की तिथे पाणी साठणार, दर दीड-दोन मीटरवर आधार हवा. २० मीटरपर्यंत २० मिलिमीटरची नळी पुरते, त्याहून लांब असेल तर २५.

‘गॅस येत नाही’ ही तक्रार आली की क्रम असा. यू-नळीत दाब आहे पण शेगडी पेटत नाही: जेट चोंदलाय किंवा नळीत पाणी. दाब आहे, वायू येतो, पण काडी विझते: आत आम्ल झालंय किंवा टाकी नवीन आहे. दाबच नाही: घुमटाचा व्हॉल्व्ह आणि शेगडीचा कॉक दोन्ही बंद करून नळीतला दाब बघा, उतरला तर गळती नळीत. नळी धरते पण व्हॉल्व्ह उघडून, शेगडी बंद ठेवून रात्रभरात दाब चढत नाही: गळती घुमटात किंवा गॅसच बनत नाही. त्यासाठी निकास टाकीतली स्लरी बघा. बुडबुडे आणि शेणाचा कच्चा वास असेल तर शेण न पिकता निघतंय. वास जवळजवळ नसेल तर पचन ठीक आहे, गळती घुमटात शोधा.

गव्हाणवाला

थंडीत किती कमी होतो? आमच्याकडे डिसेंबरात रात्री दहा अंशांच्या खाली जातं.

शेणकाला

जीवाणूंना ३० ते ३५ अंश मानवतात, १५ च्या खाली काम जवळजवळ थांबतं. जमिनीत पुरलेली टाकी रात्रीच्या हवेइतकी थंड होत नाही, तरी डिसेंबर-जानेवारीत तिसरा हिस्सा ते निम्मा गॅस कमी धरा. उपाय तीन: काला पहाटे न टाकता दुपारी, उन्हात तापलेल्या पाण्यात कालवून. घुमटावर पाचट-शेणाचा कुजत घातलेला थर, दीड-दोन फूट, कुजताना गरम राहतो. गार पाणी मारून गोठा धुतलेला काला टाळा. यापलीकडे सिलिंडर जवळ ठेवा.

गव्हाणवाला

आणि स्लरीचं? रोज शंभर लिटर कुठे घालू?

काळी_कसदार

टाकला काला तेवढी स्लरी बाहेर येते. पाण्याच्या पाटात सोडता आली तर उत्तम, ताजी वापरली तर नत्रातला अमोनिया वाचतो. उन्हात वाळवली की तोच आधी उडून जातो. ठिबकमधून द्यायची तर गाळणी घट्ट लागते, न गाळता सोडलीत तर लॅटरल तुंबलेच म्हणून समजा.

नाहीतर दोन आडवे खड्डे, तीन फूट खोल. तळाला सोयाबीनचं भूस, पाचट, कुट्टी केलेली पऱ्हाटी एक फूट, त्यावर रोजची स्लरी, पुन्हा भूस. एक भरेपर्यंत दुसरा पिकतो. तुमचा जो कचरा टाकीत पचत नाही तो इथे स्लरीचं पाणी शोषून घेतो आणि कुजतो. सोयाबीनच्या भुसाला यासारखी दुसरी जागा नाही.

शेणकाला

एक राहिलं. पाच-सहा वर्षांनी तळाला माती-वाळू साठून टाकी भरून येते. कच्च्या गोठ्यात शेणाबरोबर मुरूम येतोच. कालवणी टाकीचा तळ पाइपापासून उलट्या बाजूला उतरता करा आणि पाइपाच्या तोंडाला बूच लावा. काला कालवून पाच मिनिटं बसू द्यायचा, खडे खाली राहतात, मग बूच काढायचं.

तरी साफसफाईची वेळ आलीच तर आत माणूस उतरवू नका. रिकाम्या दिसणाऱ्या टाकीत प्राणवायू नसतो, हायड्रोजन सल्फाइडने दोन श्वासांत माणूस कोसळतो, आणि त्याला काढायला उतरलेला दुसराही. काला उपसायच्या पंपाने, लांब दांड्याच्या खोऱ्याने, बाहेरून काढायचा. उतरणं टळतच नसेल तर झाकणं काढून दोन-तीन दिवस मोकळी, पंख्याने हवा, कमरेला दोर, वर दोन माणसं. दिवा किंवा काडी लावून आतली हवा बघायची नाही.

गव्हाणवाला

२ घनमीटर दीनबंधू नक्की. खड्डा चौफेर फूटभर मोठा, मुरमाची भर. पंचायत समितीत अर्ज देतो. गवंड्याला दोरीचं सांगितलं तर म्हणाला तो गेली अनेक वर्षं नजरेनेच बांधतो.

काळी_कसदार

दुसरा गवंडी बघा. नाहीच मिळाला तर खुंटी स्वतः मध्यभागी ठोका, दोरीला आतल्या त्रिज्येवर गाठ मारा आणि दर थराला स्वतः फिरवून बघा. एक थर अर्धा इंच आत-बाहेर गेला तर तेवढाच उतरवून पुन्हा लावायचा, वरून गिलाव्याने भरून काढू द्यायचा नाही. जाड गिलावाच आधी सुटतो.